ताडपत्रीचं दुकान, मस्जिद बंदर: कॉलेजच्या पूरमदतीसाठी घेतलेला माल

मी सांताक्रूझला एका कॉलेजात शिकवते, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) कामही माझ्याकडेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळ, करमाळा, परांड्याकडची गावं पाण्यात गेली, तेव्हा इथे नवरात्र चालू होतं. पोरांनीच ठरवलं की ज्या दिवशीचा जो रंग तो घालून येणाऱ्याने डब्यात २० रुपये टाकायचे. शिपाई मामांपासून प्रिन्सिपल सरांपर्यंत सगळ्यांनी टाकले. २४ तारखेचा एनएसएस दिनही साधाच केला, हार-नारळ-नाश्त्याचे पैसे त्याच डब्यात.

मी एकाच गोष्टीवर अडून बसले, जुने कपडे घ्यायचे नाहीत. जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुरानंतर आम्ही महाडला टेम्पो भरून कपडे नेले होते, तिथे आधीच आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात भिजत पडलेले, आणि एक आजी मला म्हणाल्या, "बाय, नेसायला हाय गो, डोक्यावर काय नाय." ते अजून कानात आहे. वर आम्ही ऑनलाइन मागवलेल्या ताडपत्र्या पहिल्याच वाऱ्यात कडीपाशी फाटल्या. मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून या वेळी मुलांना घेऊन थेट मस्जिद बंदरला गेले. दुकान छोटंसंच, स्टेशनपासून पूर्वेला चालत पाच-सात मिनिटं. आम्ही स्वस्तातली पातळ मागितली तर शेठनी आधी विचारलं, कुणासाठी. पूरग्रस्तांसाठी म्हटल्यावर त्यांनी तो पातळ माल उजेडासमोर धरला, विणीतून लख्ख उजेड दिसत होता, मग कडेची कडी अंगठ्यात अडकवून एक हिसका दिला आणि कडी हातात आली. "मॅडम, ही लग्नाच्या मांडवाला चालेल, घराला नाही." मग २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची, जाड) काढली, कडेला आत दोरी घालून दुमडलेली, तिला दोन मुलं लोंबकळली तरी कडी हलली नाही.

माप पण त्यांनीच सुधारलं. आम्ही १२ बाय १५ फूट म्हणत होतो. मदतकार्यात स्फिअर नावाचं मानक वापरतात, त्यात माणशी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा धरतात, म्हणजे पाच माणसांच्या घराला जवळपास १९० चौरस फूट. १२ बाय १५ चे १८०च होतात, आणि बाजूने खाली सोडायला काहीच उरत नाही. शेठना स्फिअर वगैरे माहीत नव्हतं, तरी त्यांनी अंदाजाने १५ बाय १८ च सांगितलं. सोबत बांधायला नायलॉनची दोरी घ्यायला लावली, जी आम्ही विसरलोच होतो!

पक्कं जीएसटी बिल मिळालं, कॉलेजच्या हिशेबाला ते लागतंच. दोन नगांना एका कोपऱ्यात कडी नव्हती, लगेच बदलून दिले. गैरसोय एवढीच की गल्लीत टेम्पो शिरत नाही, हातगाडीवाल्याकडून मेन रोडपर्यंत माल आणावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. रविवारी बंद.

मुंबई विद्यापीठातल्या बाकी कॉलेजांना, विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधल्या विभागांना माझं कळकळीचं सांगणं आहे, प्रत्येकाने वेगवेगळा टेम्पो काढण्यापेक्षा चार-पाच कॉलेजांनी मिळून एक ऑर्डर द्या. एनएसएसच्या मुलांना वर्षाचे १२० तास भरायचेच असतात, त्यातले काही या कामाला द्या, पैसे जमवणं, मापं काढणं, गठ्ठे बांधणं, गावातल्या सरपंचांना फोन करून नक्की किती घरं ते विचारणं. मे-जूनमध्ये निम्मी मुंबई छपरावर घालायला ताडपत्री घेते, तेव्हा भाव चढतात. शेठ म्हणाले जानेवारी-फेब्रुवारीत या, आणि पुढच्या पावसाळ्यासाठी ५० नग कॉलेजच्या स्टोअररूममध्ये आधीच ठेवायचे असं आम्ही ठरवलंय. कुणाला आमच्यासोबत ऑर्डर द्यायची असेल तर डिसेंबरच्या परीक्षा झाल्या की कळवा.