शिंपले, खाण्याचा सोडा की ‘पीएच अप’? टँकच्या आम्लधर्मी पाण्याला काय लागू पडतं

माशांच्या टँकमधल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लधर्मीपणा दाखवणारा आकडा (७ च्या खाली आम्लधर्मी), ६ च्या आसपास घसरला की सल्ले भरपूर मिळतात. दुकानदार ‘पीएच अप’ची बाटली पुढे करतो, ओळखीतलं कुणी सोडा टाकायला सांगतं, तिसरा म्हणतो फिल्टरमध्ये शिंपले भरा. यांच्या जोडीला चौथा पर्यायही असतो, काहीच न करण्याचा. तो हसण्यावारी नेऊ नका, कारण बऱ्याच टँकना तोच लागू पडतो.

पैसे काढण्याआधी दोन गोष्टी मोजा. बादलीभर नळाचं किंवा विहिरीचं पाणी घ्या, त्यात एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, सोडून एक दिवस ठेवा आणि मग पीएच बघा. कोकणात, गोव्यात जांभ्यातल्या विहिरीचं ताजं पाणी किटमध्ये चांगलंच आम्लधर्मी दिसतं, पण त्यातला बराच भाग विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. तो उडाला की पीएच आपोआप चढतो. रात्रभरात ६ चा ६.८ झाला, तर रोग पाण्याचा नव्हताच. अशा वेळी टँकमध्ये हवा नीट खेळते का, एवढंच पाहायचं.

दुसरं मोजमाप केएचचं, आणि खरा निकाल त्यावरच लागतो. केएच म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा. टँकमध्ये आम्ल तयार झालं की आधी हा साठा खर्च होतो, आणि तो संपला की पीएच धाडकन खाली येतो. यासाठी थेंबांचं किटच घ्या. त्यात साधारणपणे ५ मिली पाण्याचा रंग बदलायला जितके थेंब लागतात तितके डिग्री केएच. कागदी पट्ट्या १ आणि ३ मधला फरक धड दाखवत नाहीत, आणि आपल्याला नेमका तोच फरक हवा असतो.

हे आम्ल येतं कुठून? मुख्यतः फिल्टरमधल्या त्याच जिवाणूंकडून, ज्यांच्या जिवावर मासे जगतात. अमोनियाचं नायट्रेट करताना ते केएच खातात. हिशेब सोपा आहे: नायट्रेट ११ पीपीएमने (लिटरला ११ मिलीग्रॅमने) वाढलं की साधारण १ डिग्री केएच गेला. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांत साठलेलं पावसाचं पाणी येतं. ते तुलनेने मऊ, म्हणजे साठा मुळात बेताचा. त्यात मासे जास्त, खाणं सढळ आणि पाणी बदलायचा कंटाळा असला की महिन्या-दोन महिन्यांत पीएच घसरणारच. घरच्या आरओचं पाणी वापरणाऱ्यांकडे तर साठा शून्याच्या जवळ असतो. त्यांनी काही विकत घ्यायच्या आधी आरओमध्ये थोडं नळाचं किंवा बोअरचं पाणी मिसळून पाहावं. पठारावरच्या बोअरचं पाणी बहुधा इतकं जड असतं की चौथा हिस्साही पुरतो.

आता मुख्य सामना, शिंपले विरुद्ध सोडा.

शिंपल्यांचा चुरा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात तो ग्रिट म्हणून स्वस्तात मिळतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तेवढंही करायला नको. तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) खाऊन झाल्यावर उरलेले शिंपले उकळायचे, ब्रशने घासायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि जाडसर कुटायचे. जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये, पाण्याच्या धारेत ठेवायचे. १०० लिटरला अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा, आठवड्याने मोजा, मग वाढवा. याची मोठी खुबी अशी की तो स्वतःला आवरतो. पाणी आम्लधर्मी असेल तेव्हा विरघळतो, पीएच साडेसातच्या पुढे सरकला की जवळजवळ थांबतो. जास्त पडला म्हणून सहसा अनर्थ होत नाही. शिवाय कॅल्शियम मिळतं, म्हणजे जीएच, पाण्याचा एकूण जडपणा, तोही वाढतो. गप्पी, मोली, प्लॅटी यांना ते हवंच असतं, आणि गोगलगायींच्या कवचावर पांढरे खड्डे पडायचे थांबतात.

खोट एकच, तो सावकाश काम करतो. फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि नेमका कुठला आकडा गाठेल हे तुमच्या हातात नसतं.

सोड्याचं उलट. खाण्याचा सोडा १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम टाकला की केएच १ डिग्रीने वाढतो, तोही लगेच. आकडा तुम्ही ठरवायचा, वजनकाटा घेऊन. हवा नीट खेळणाऱ्या टँकमध्ये केएच १ असेल तर पीएच ७ च्या जवळ राहतो, केएच ४ ला साधारण साडेसातच्या थोडा वर. त्यामुळे ३ ते ४ हे उद्दिष्ट बहुतेकांना पुरतं. पण सोडा काही साठून राहत नाही. दर वेळी पाणी बदलताना नव्या पाण्याच्या मापाने तो घालावा लागतो: २५ लिटर बदललं आणि केएच शून्यावरून ३ करायचा असेल, तर सव्वादोन ग्रॅम. चार आठवडे विसरलात की पुन्हा घसरण, आणि आठवण झाल्यावर एकदम चमचाभर टाकलात की उसळी. माशांना ६.४ चा स्थिर पीएच सोसतो, हा झोका सोसत नाही. कॅल्शियम तर सोड्यात नाहीच.

नावांत घोळ करू नका. धुण्याचा सोडा हे वेगळं रसायन आहे, त्याने पीएच भलताच उडतो. बेकिंग पावडर आणि इनोमध्ये आम्लही असतं, ती चालणार नाहीत. शेततळ्यात चुना टाकतात हे ऐकून कुणी पानाचा चुना सुचवलाच तर हात जोडा. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो.

म्हणून माझं मत: घरात वजनकाटा असेल आणि पाणी बदलायचा वार चुकत नसेल तर सोडा उत्तम. बाकी सगळ्यांनी शिंपले वापरावेत. आणि ‘बाकी सगळे’ म्हणजे दहातले आठ, असं मी धरून चालतो.

दुकानातल्या बाटल्यांवर फार शब्द खर्च करत नाही. काहींत सोड्याचाच भाऊबंद असतो, महाग दरात. काही बफर, म्हणजे पीएच एका आकड्यावर धरून ठेवणारी रसायनं, फॉस्फेटवर चालतात, ते झाडांच्या टँकमध्ये शेवाळाला खतपाणी घालतात. डब्यावर घटक छापलेले नसतील तर सोडून द्या. ‘कोरल चुरा’ म्हणून मिळणाऱ्या मालाबाबत मात्र सावध राहा. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि शिंपल्यांनी तेच काम होत असताना ती भानगड हवी कशाला? फरशीवाल्याकडचे संगमरवराचे तुकडेही चालतात, त्यांचा वेग आणखी कमी. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फेस आला तरच घ्या.

जुना टँक असेल तर मात्र यातलं काहीही घाईने करू नका. पीएच ६ च्या खाली बरेच दिवस राहिला की जिवाणूंचं काम थंडावतं आणि अमोनिया साठत जातो. आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, म्हणून मासे ठीक दिसतात. २५ अंश तापमानाला एकूण अमोनिया २ पीपीएम असेल तर पीएच ६ ला त्यातला विषारी भाग ०.००१ पीपीएमच्या आसपास असतो. तेच पाणी पीएच ८ ला नेलं की ०.१, म्हणजे जवळपास शंभरपट. ‘पीएच सुधारला आणि दुसऱ्या दिवशी मासे गेले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. आधी अमोनिया मोजा. तो निघाला तर खाणं थांबवा आणि रोज दहा टक्केच पाणी बदला, क्लोरीन काढूनच. तो शून्यावर आला की शिंपल्यांची पिशवी घाला. सोडा वापरायचाच असेल तर दिवसाला १ डिग्रीपेक्षा जास्त नको.

राहिला चौथा पर्याय. टँकमध्ये निऑन टेट्रा, रासबोरा, बेटा, डिस्कस असतील, पीएच ६.३ ते ६.८ मध्ये टिकून असेल आणि केएच १-२ च्या खाली जात नसेल, तर हात लावू नका. हे मासे मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यात मजेत राहतात. टँकमध्ये लाकूड किंवा देशी बदामाची पानं असतील तर पाणी थोडं त्या बाजूला झुकणारच, आणि या माशांना ते मानवतं. झाडांसाठी ॲक्वासॉइल घातली असेल तर शिंपले टाकणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं. ती माती केएच शोषते, आणि शोषता शोषता स्वतः लवकर संपते. याउलट मलावी सरोवराचे सिक्लिड पाळायचे असतील, ज्यांना पीएच ८ च्या आसपास आणि जड पाणी लागतं, तर विहिरीच्या मऊ पाण्याशी वर्षानुवर्षं कुस्ती खेळण्याऐवजी मासे बदला.

पिशवी घातली की पहिले दोन आठवडे दर तीन दिवसांनी केएच आणि पीएच मोजा, तेही सकाळी एकाच वेळी. झाडांच्या टँकमध्ये पीएच दिवसभरात वर-खाली होत असतो, त्यामुळे संध्याकाळचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडून घाबरण्यात अर्थ नाही. चुऱ्यावर बुळबुळीत थर चढला की तो विरघळेनासा होतो. फिल्टर साफ करताना टँकच्याच पाण्यात पिशवी खळबळून घ्या, आणि चुरा निम्मा झाला की वर नवा घाला.