आयसीयूचा रिव्ह्यू: मशीन उत्तम, पण घरच्यांशी बोलणं उशिरा

बाबा आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते त्याबद्दल लिहितोय, हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाहीये. मशिनरी, स्वच्छता, नर्सिंग एक नंबर, सिस्टर तर बेशुद्ध माणसालाही ‘काका, सक्शन करतेय हं’ (म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं) असं सांगूनच हात लावायच्या.

माझी तक्रार सांगण्याबद्दल आहे. पहिल्यांदा आत गेलो तर बाबांची दोन्ही मनगटं पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेली, काळजात धस्स झालं. पेशंटने श्वासाची नळी उपसू नये म्हणून बांधतात, मान्य, पण आधी सांगा ना, आणि अजून बांधायची गरज आहे का हेही रोज बघा.

सगळ्यात आवडलं ते सिनियर डॉक्टरांचं बोलणं. खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले आणि म्हणाले, व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, वेळ मिळवून देतो. आणि खरंच आहे ते, 1952 साली कोपनहेगनला पोलिओच्या साथीत मेडिकलचे विद्यार्थी पाळीपाळीने हाताने फुगा दाबून पेशंटना श्वास देत होते, आयसीयूची सुरुवात तिथूनच धरतात, तेव्हाही स्नायूंना ताकद येईपर्यंत तग धरायचा हाच हेतू होता. मग मूळ दुखणंच हटणार नसेल तर वेळ मिळवायचा कशासाठी?

त्यांनी टाइम-लिमिटेड ट्रायल सुचवली, म्हणजे काही दिवस पूर्ण उपचार, काय सुधारलं तर पुढे जायचं ते आधीच ठरवायचं आणि मग परत बसायचं. धाकट्या भावाचं एकच, लावलेलं मशीन काढणं म्हणजे आपणच मारल्यासारखं. डॉक्टरांनी त्याला गप्प नाही केलं, म्हणाले असं वाटणं साहजिक आहे, पण एकदा लावलं की काढताच येणार नाही असं ठरलं तर लोक लावायलाच घाबरतील आणि ज्याला खरंच उपयोग झाला असता तोही मुकेल. मला हे आजवर कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला काय हवंय ते राहू द्या, बाबा आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते? आम्ही तिघं होतो, तिघांची तीन उत्तरं आली, कारण हा विषय घरात कधी निघालाच नव्हता.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण ही मीटिंग व्हेंटिलेटर लावला त्याच दिवशी व्हायला हवी होती, ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवायची वेळ आल्यावर नाही.