रशियन वर्गातील संख्याविशेषणांचा पाठ

पुण्यातील एका रशियन भाषावर्गाला मी गेले वर्षभर जात आहे, आणि तिथे संख्याविशेषणांवर घेतलेले चार तास हा त्या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असे मला मनापासून वाटते. एक रूबल ‘अदीन रूब्ल’, दोन ते चारांसाठी षष्ठीचे एकवचन म्हणून ‘द्वा रुब्ल्या’, आणि पाचपासून षष्ठीचे अनेकवचन म्हणून ‘प्यात् रुब्ल्येय’. ‘एकवीस’ या संख्येपुढे मात्र पुन्हा एकवचनी प्रथमाच येते. हा नियम पाठ करायला न लावता बाईंनी त्यामागचे कारण उलगडून सांगितले. ‘द्वा’नंतरचे रूप मुळात जुन्या द्विवचनाचे अवशेष आहे, हे कळताच शाळेत घोकलेले ‘रामौ’ आठवले आणि गाठ सुटली. ‘प्यात्’ हे तर पूर्वी नामच होते, म्हणजे जणू ‘रूबलांचे पंचक’. म्हणून पुढे षष्ठी.

खरी कसोटी पुढे लागते. आपण ‘पाच रुपयांना’ म्हणतो तेव्हा ‘पाच’ जागचा हलत नाही, विकार होतो तो फक्त नामाला. रशियनमध्ये तृतीयेत संख्या आणि नाम दोन्ही बदलतात आणि षष्ठी नाहीशी होते. यासाठी बाजारातल्या संवादांचा भरपूर सराव करून घेतला जातो.

छापील टिपणांत आघातचिन्हे नाहीत, ही उणीव मात्र गंभीर आहे, कारण ‘रूब्ल’मधला आघात ‘रुब्ल्या’मध्ये शेवटच्या अक्षरावर सरकतो आणि घरी एकट्याने वाचणारा हमखास चुकतो.