लायसन्स खरं होतं, माणूस खोटा

मासेमारीच्या एका खोट्या गाईडपायी माझे १,३९५ डॉलर गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो फुगत फुगत आता चार हजारांवर पोचलाय. ‘मासे पकडायला गेला आणि स्वतःच गळाला लागला’ हा विनोदही सगळ्यांचा करून झालाय, त्यामुळे तोही नको.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सांगलीचे. कृष्णेच्या काठावर गळ टाकून तासन् तास बसणं हा त्यांचा एकमेव शौक. मी डॅलसला असतो. गेल्या वर्षी ते उन्हाळ्यात येणार म्हणून मी मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीवर तीन दिवस गाईड घेऊन फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला खोटी माशी लावून मासे पकडण्याचा, बेत आखला. मॅडिसनच का, तर बाबांना क्वेक लेक बघायचं होतं. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री भूकंपानं अख्खी डोंगरकड खाली आली, २८ माणसं गेली, नदी अडली आणि तळं झालं. १९५९ हे बाबांच्या जन्माचं साल. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. कुणीही न बांधलेलं धरण म्हटल्यावर या माणसाला झोप लागेना.

मी फेब्रुवारीत गाईड शोधायला लागलो आणि तिथेच उशीर झाला होता. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला या नदीवर सामनफ्लाय नावाचा बोटाएवढा किडा बाहेर पडतो. तीन-चार वर्षं दगडांखाली अळीच्या रूपात काढतो आणि मग काही दिवसांत सगळे एकदम वर येतात. ट्राउट मासे त्यांच्यावर अक्षरशः तुटून पडतात. त्या पंधरवड्यासाठी लोक वर्ष वर्ष आधी गाईड धरून ठेवतात. चार ठिकाणी नकार मिळाला. पाचव्या ठिकाणी एका जाहिरातीखाली मी निरोप ठेवला आणि तासाभरात उत्तर आलं: एका गिऱ्हाइकानं रद्द केलंय, २८ ते ३० जून मोकळे आहेत, दिवसाला ६५० डॉलर, एका बोटीत दोघं. भाव बाजारापेक्षा जरासा कमी, पण संशय यावा इतका नाही. हा माणूस हुशार होता.

मीही स्वतःला हुशार समजत होतो. मोंटानात गाईडला स्वतःच्या नावावर धंदा करता येत नाही. राज्याच्या आउटफिटर्स बोर्डाचं लायसन्स असलेल्या आउटफिटरच्या, म्हणजे अशा सहली चालवणाऱ्या धंदेवाल्याच्या, हाताखालीच त्याला काम करावं लागतं. हे मी वाचलं होतं, म्हणून लायसन्स नंबर मागितला. त्यानं लगेच पाठवला, आउटफिटरच्या नावासकट. मी राज्याच्या साइटवर टाकून बघितला. नाव बरोबर, लायसन्स चालू. मी खूश.

नेमकं इथेच मी फसलो. तो नंबर कुणालाही दिसतो. मला दिसला तसा त्यालाही दिसला होता. असा आउटफिटर आहे, एवढंच मी तपासलं. हा माणूस त्याच्याकडे काम करतो का, हे तपासायला एक फोन पुरला असता. तोही त्यानं दिलेल्या नंबरावर नाही, आउटफिटरच्या दुकानाचा नंबर स्वतः शोधून. तो फोन मी केला नाही. का केला नाही? तारीख हातची जाईल म्हणून. ‘आणखी एक पार्टी विचारतेय’ असं त्यानं दोनदा कळवलं होतं.

अर्धे पैसे आगाऊ, म्हणजे ९७५ डॉलर. आगाऊ रक्कम इथे सगळेच घेतात, त्यात वावगं काही नाही. पण कार्डानं देतो म्हटल्यावर तो म्हणाला, कार्डाला तीन टक्के लागतात, बँकेच्या ॲपमधून फोन नंबरावर पाठवा. तीन टक्के म्हणजे तीस डॉलरच्या आत. तेवढे वाचवायला मी कार्डाचं संरक्षण सोडलं. कार्डानं दिले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून तक्रार करून पैसे परत मागता आले असते. ॲपवरून मी स्वतःच्या बोटानं पाठवलेले पैसे म्हणजे बँकेच्या लेखी मी राजीखुशीनं दिलेले.

एप्रिलमध्ये दुसरी मागणी आली: ४२० डॉलर, दोघांच्या फिशिंग लायसन्ससाठी आणि यलोस्टोन पार्कच्या वेगळ्या परमिटसाठी. सोबत माझा सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) आणि बाबांच्या पासपोर्टचा फोटो. पार्कमध्ये मोंटानाचं लायसन्स चालत नाही, वेगळं परमिट लागतं, हे खरंच आहे. त्यामुळे तर मला तो जास्तच जाणकार वाटला. पण लायसन्स आपलं आपण, आपल्या नावानं, सरकारच्या साइटवर नाहीतर तिथल्या दुकानाच्या काउंटरवर घ्यायचं असतं. मी पैसे, नंबर आणि फोटो, तिन्ही पाठवलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

मे महिन्यात बाबा आले. ते आल्या आल्या मासेमारीच्या नियमांची सरकारी पुस्तिका छापून घेऊन बसले, पेन्सिल हातात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला विचारलं, “याच्या पत्रात पहिल्या दिवशी क्वेक लेक ते लायन्स ब्रिज, दिवसभर बोटीतून मासेमारी असं लिहिलंय ना?”

“हो.”

“त्या पट्ट्यात बोटीतून मासेमारीला बंदी आहे. बोटीनं जा, पण मासे पकडायचे तर खाली उतरून, पाण्यात उभं राहून.”

मी त्याला मेसेज केला. उत्तर आलं: आमच्याकडे खास परवाना आहे.

बाबा हसले. “बत्तीस वर्षं खात्यात काढली. खास परवाना आहे म्हणणारा एक तर आमदाराचा माणूस असतो, नाहीतर चोर. मोंटानात आमदार असतात का?”

मग केला तो फोन. दुकानातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही, आणि आमचं बुकिंग आम्ही मेसेजवर घेत नाही. त्यांनीच बोर्डाकडे तक्रार करायला सांगितलं. मी त्या भामट्याला पुन्हा मेसेज केला, तो गेलाच नाही. जाहिरातीतला फोटो नेटवर टाकून मूळ कुठला ते शोधलं, तेव्हा तो दुसऱ्याच राज्यातल्या, दुसऱ्याच नदीवरचा निघाला. हे फेब्रुवारीत दोन मिनिटांत कळलं असतं.

बँकेनं हात वर केले. फेडरल ट्रेड कमिशनकडे, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर आणि आउटफिटर्स बोर्डाकडे तक्रारी दिल्या. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्यूरोंकडे माझी फाइल गोठवली, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. ते फुकट होतं. बाबांच्या पासपोर्टचा फोटो मात्र परत घेता येत नाही. तो कुठे फिरतोय देव जाणे. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलंय. बाबांनी १,३९५ ला लगेच पंच्याऐंशीनं गुणलं, ‘एक लाख अठरा हजार पाचशे पंच्याहत्तर’ म्हणाले आणि तो विषय कायमचा सोडला.

आता मागे वळून बघताना आणखी एक गोष्ट खटकते. ज्या चौघांनी नकार दिला त्यांनी नकाराआधी कितीतरी विचारलं होतं. वडलांचं वय काय, वाहत्या पाण्यात उभे राहतील का, पोहता येतं का, आधी फ्लायची काठी धरलीय का, बुटाचं माप काय. एकानं तर सांगितलं होतं की सामनफ्लायची तारीख कुणीच देऊ शकत नाही, पाणी तापेल तसा तो नदीच्या वरच्या अंगाला सरकत जातो. माझ्या माणसानं फक्त तारखा विचारल्या. आणि किडा २८ तारखेला निघणार, अशी लेखी हमी दिली.

बोझमनची विमानाची तिकिटं काढलेली होती, म्हणून आम्ही गेलोच. लायसन्स एनिस गावातल्या दुकानात स्वतः काढलं, दुकानदाराच्या सल्ल्यानं गळाला लावायच्या चार-सहा खोट्या माश्या घेतल्या आणि गाईडशिवाय थ्री डॉलर ब्रिजपाशी काठाकाठानं उभे राहिलो. नदीचा तळ म्हणजे तेल लावलेले गोटे. बाबांना मी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. दोन दिवसांत त्यांना तीन व्हाइटफिश मिळाले, मला एक वीतभर ब्राउन ट्राउट. सामनफ्लाय दिसला तो एकच, गाडीच्या काचेवर मेलेला. क्वेक लेकवर मात्र बाबा तीन तास होते. पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं मोजत होते.

मुक्काम नदीकाठच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये केला. तिथे वसुलीला माणूसच नसतो. एक लोखंडी नळकांडं आणि पाकिटांचा गठ्ठा. गाडीचा नंबर लिहायचा, रोख रक्कम आत घालायची आणि पाकीट नळकांड्यात सोडायचं. बाबांनी पैसे दोनदा मोजले, पाकीट टाकलं आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, “आणि पावती?”

पाकिटाचा एक तुकडा फाडून आपल्याकडे ठेवायचा असतो, तीच पावती. तो त्यांनी घडी करून पासपोर्टात ठेवला.