फ्लॅटवाउंड तारांचे आठ महिने, आणि त्यांच्यापायी पुन्हा केलेला सेटअप

फेब्रुवारीत माझ्या ३४ इंच स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) चार तारांच्या बेस गिटारवर ४५-१०५ गेजच्या फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा चढवल्या. गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. मध्ये ठाण्याचा अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहिते. आधी चार वर्षं ४०-१०० च्या राऊंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या होत्या. भावगीतांच्या कार्यक्रमात बोट सरकलं की त्यांची खरखर थेट स्पीकरमधून यायची. ती मला सहन होईना.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. डावा हात भरून यायचा. मोकळी ई (सगळ्यात जाड) तार सुरात, पण पहिल्या फ्रेटवरचा (मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवरचा) एफ स्वर चढा. मी तारांना नावं ठेवत होते. घोडबंदर रोडला गिटारची कामं करणाऱ्या काकांकडे बेस नेला, तर त्यांनी आधी नट पाहिला, म्हणजे मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. ईची खाच १०० च्या तारेसाठी कापलेली. १०५ ची तार तळाला टेकतच नव्हती, वरच अडकली होती. मग पहिल्या फ्रेटपाशी ती जास्त दाबावी लागणार आणि सूर चढणारच. ट्यून करताना 'टिंग' होऊन सूर उडी मारायचा, तेही त्याच खाचेमुळे. काकांनी चारही खाचा कानशीने मोठ्या केल्या.

दुसरं कारण ताण. लांबी तीच, सूर तोच, पण तार वजनदार झाली की ताण वाढतो. इथे गेजही वाढलं होतं. शिवाय सपाट पट्टीच्या वेढ्यांत फटी राहत नाहीत, त्यामुळे त्याच जाडीची फ्लॅटवाउंड बहुतेक वेळा जड भरते (काही मुद्दाम कमी ताणाच्याही बनवतात). बेसचा नेक (मान) पुढे वाकला होता आणि बाराव्या फ्रेटवरची ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, २ मिलिमीटरवरून ३ च्या जवळ गेली होती. काकांनी ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) एकूण पाव फेरा आवळला, तोही दोन टप्प्यांत, मध्ये एक रात्र ठेवून. पहिला आणि नेक संपतो तिथला फ्रेट दाबला की आठव्यापाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट त्यांनी ठेवली. मग सॅडलची (ब्रिजवर, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाला, तार टेकते त्या तुकड्याची) उंची, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येईल असं जुळवणं. ईचं सॅडल थोडं मागे न्यावं लागलं.

तेव्हापासून मी खूश आहे. हात दुखत नाही. जुलैत दमटपणाने नेक किंचित हलला, तेवढा एक अष्टमांश फेरा सोडला तर काही करावं लागलं नाही. तारांवर गंजाचा ठिपकाही नाही. स्वर गोल, भरीव येतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंडच वाजवायचे आणि तारा क्वचितच बदलायचे, ते का, हे आता बोटांना कळतंय.

अडचण एकच, पण मोठी: डग्गा. दोघंही खालच्या पट्टीत, दोघांनाही वरची धार कमी. संथ ठेक्यात बेस त्यात बुडायचा. मी आता उजवा हात ब्रिजकडे सरकवते आणि डग्ग्याचा घुमारा असेल तिथे स्वर तोडून वाजवते. कोळीगीतांत हा प्रश्न येत नाही, तिथे या तारांचा ठोका झकास बसतो. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवणाऱ्यांनी मात्र यांच्या वाटेला जाऊ नये.

आज पुन्हा घ्यायच्या झाल्या तर मी आधी ४०-१०० च्याच फ्लॅटवाउंड घेईन. ट्रस रॉड फिरवून मागे आणता येतो, पण नटाची कानस मारलेली खाच पुन्हा अरुंद होत नाही. माझ्या चारही खाचा आता मोठ्या झाल्यात, आणि जुन्या बारीक तारा त्यांत सैल बसतात.