दुधात टिकेल ती कॉफी: स्टीलचा फिल्टर, मोका पॉट आणि इतर

आठ वर्षांत आमच्या डोंबिवलीच्या ओट्यावर कॉफीची चार यंत्रं येऊन गेली. एक फुटलं, एक मुलाने पुण्याला नेलं, दोन अजून नांदताहेत. बहीण, भाच्या, ऑफिसातल्या मुली सगळ्याच विचारतात की कुठलं घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकते. कसोटी आधी सांगते: मला दूध-साखरेची कॉफी लागते. काळी पिणाऱ्यांनी यातलं निम्मं सोडून द्यावं.

मी वाढले जायफळाच्या कॉफीवर. आई दूध-पाणी-साखर उकळत ठेवायची, त्यात पाकिटातली पूड टाकायची आणि सहाणेवर जायफळाचे चार वेढे. जागायचं म्हणून कॉफी आणि त्यात झोप आणणारं जायफळ, याचा हिशेब कुणी कधी मागितला नाही. कॉफी म्हणजे दूध, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

स्टीलचा फिल्टर आणला तो शेजारच्या मामींमुळे. साडेतीनशे रुपयांचा, दोघांपुरता. वरच्या भांड्याला तळाशी बारीक भोकं, खालचं भांडं साधं, आत छत्रीसारखी दांडीवाली चकती आणि झाकण. वीज नाही, कागद नाही, बिघडण्यासारखं काही नाही. तरी पहिले पंधरा दिवस माझी कॉफी कधी रंगीत पाणी व्हायची, तर कधी थेंबही खाली उतरायचा नाही. शेवटी मामी येऊन बघत उभ्या राहिल्या. मी चकतीने पूड गच्च दाबत होते. "अगं, बरणीत लोणचं भरतेस का? नुसती सारखी कर," म्हणाल्या. तेवढ्यावर काम झालं.

माझं माप असं: तीन शिगोशीग चमचे पूड, म्हणजे वीस-बावीस ग्रॅम, आणि उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून ओतलेलं अर्धा कप पाणी. ते चकतीवर गोल फिरवत ओतायचं. हे मी रात्री भांडी आवरल्यावर करते. सकाळी साडेपाचला उठून टपटप ऐकत वीस मिनिटं ताटकळायची माझी तयारी नाही. सकाळी खाली पाऊण वाटी काळंभोर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार असतं. ते परत गॅसवर चढवायचं नाही, कडवट होतं. दूध मात्र कडकडीत हवं, आणि सायीचं. एकाला तीन या प्रमाणात दूध घातलं तरी कॉफी कॉफीच राहते. माझ्या कसोटीत फिल्टर इथेच जिंकला.

अर्थात यात चिकोरीचा हात आहे. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं, पण ती पाण्यात भरपूर विरघळते, डिकॉक्शन दाट करते आणि दुधाला रंग देते. पाणीही सावकाश उतरतं. मी माटुंग्याहून ऐंशी-वीस (ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी) दळून आणते, कॉफीत निम्मी पीबेरी आणि निम्मी प्लँटेशन ए, म्हणजे मोठ्या दाण्याची प्रत. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी असते ती. दळलेली पूड कागदी पिशवीत गरम लागते. ट्रेनमध्ये पिशवी मांडीवर असली की शेजारची बाई हमखास विचारते, कुठून आणली? तयार पाकीट घेणार असाल तर मागची बारीक अक्षरं वाचा. कायद्याने मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी लागते, त्यामुळे ५३-४७ वाली पाकिटंही बाजारात असतात. मी एकदा न वाचता आणलं होतं. दोन महिने गुळाच्या काढ्यासारखं काहीतरी प्यायलो.

आता मोका पॉट. इटलीत १९३३ साली बियालेट्टींनी आणलेला हा अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचा बंब. नाव येमेनच्या मोखा बंदरावरून. त्याच येमेनहून बाबा बुदन सात बिया लपवून चिकमगळूरला घेऊन आले अशी आख्यायिका आहे, म्हणजे माझ्या ओट्यावरची दोन्ही भांडी लांबून भाऊबंदच. खालचं पाणी तापलं की वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं. पाच मिनिटांत काम. गुडगुड सुरू झाली की लगेच उतरवायचा, नाहीतर जळका वास येतो. चव फिल्टरपेक्षा करकरीत, दूध बेताचं घातलं तर छान. रविवारी दुपारी मला हाच लागतो.

पण तक्रारी आहेत. "तीन कप" म्हणून घेतला आणि चार पाहुण्यांसमोर तोंडघशी पडले; इटालियन कप म्हणजे आपली बुडकुली, सगळी मिळून जेमतेम एक मग कॉफी. आपल्या शेगडीवर तो कलंडतो, वर जाळी ठेवावी लागते, आणि ज्योत मोठी ठेवली तर मूठ वितळते (माझी अर्धी गेली). अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने इंडक्शनवर चालत नाही. आणि फिल्टरची चिकोरीवाली बारीक पूड यात घालू नका. मी घातली. पूड चिखलासारखी बसली, वर काही येईना आणि बाजूचा व्हॉल्व्ह कुकरसारखा फुसफुसायला लागला. गॅस बंद करून मी थेट हॉलमध्ये. कुकरसारखीच याचीही रबरी रिंग बदलावी लागते.

फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दांडा असलेलं काचेचं भांडं, मी धुताना फोडली, त्यामुळे तिला दोष देत नाही. रव्यासारखी जाडसर पूड, चार मिनिटं, दांडा खाली. काळी कॉफी सुरेख, दूध घातलं की बुडाली, आणि शेवटच्या घोटात गाळ. एअरोप्रेस मुलाचा होता: २००५ साली आलेला, मोठ्या इंजेक्शनच्या सिरिंजसारखा. ज्या अ‍ॅलन अ‍ॅडलरने उडवायची एअरोबी चकती केली, त्यानेच हा केला. धुवायला सगळ्यात सोपा. हॉस्टेलवर राहणाऱ्याला डोळे मिटून द्या.

फिल्टरचीही एक खोड आहे. सहा-आठ महिन्यांत भोकं बुजतात आणि घासणीने ती मोकळी होत नाहीत. वरचं रिकामं भांडं सांडशीत धरून तळ मिनिटभर ज्योतीवर फिरवायचा. अडकलेली पूड जळून राख होते, निवल्यावर जुन्या टूथब्रशने झटकायची. स्टील थोडं निळसर पडतं, पडू दे. नवीन घेताना वरचं भांडं दुकानातच उजेडाकडे धरून बघा. भोकं एकसारखी नसतील तर दुसरं मागा. दुकानदार कुरकुर करेल. मागाच.