वरची दाढ की खालची?

सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली कायमची दाढ वर आणि खाली अगदी वेगळ्या घडणीची असते. सुटी दाढ हातात आली तर आधी उंचवटे मोजा.

खालच्या दाढेला पाच: गालाकडे तीन, जिभेकडे दोन. माथा लांबट आयताकृती. मधल्या खाचा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या फुटतात. ड्रायोपिथेकस या प्राचीन वानराच्या जीवाश्मांतही हीच नक्षी दिसते.

वरच्या दाढेची चौकट तिरकी, दाबून कललेल्या पेटीसारखी. मुख्य उंचवटे चार. पण खरी ओळख तिरक्या वरंब्याची: जिभेकडचा पुढचा उंचवटा आणि गालाकडचा मागचा यांना तो जोडतो आणि माथ्याची खोलगट जागा दुभागतो. नखाने चाचपला तरी कळतो. काहींना जिभेकडच्या बाजूला पाचवा, चिमुकला फुगवटाही असतो, म्हणून नुसत्या मोजणीवर विसंबू नका. काराबेल्ली या व्हिएन्नाच्या दंतवैद्याचे नाव या फुगवट्याला मिळाले आहे.

दोन्ही मिटल्या की वरचा तो जिभेकडचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या मधल्या खळग्यात बसतो, खलात बत्ता बसावा तसा. ओळखायला मला वरचीच सोपी वाटते. घासायला मात्र खालची. वरच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला ब्रश पोचवताना गाल आडवा येतो.